आण्णांच्या पायाचं माप

गाडी मी उत्तम केली. हे माझं मत नाही, जळकोटच्या फाट्यावर चहा पिणारा कुणीही तुम्हाला हेच सांगेल. हायवेनं जाणारे लोक आपली गाडी बाजूला घेतात, खाली उतरतात, माझ्या पांढऱ्या अँबॅसिडरसोबत फोटो काढतात आणि विचारतात, कुठं करून घेतली? मी म्हणतो, घरीच केली, अंगणात. मग ते माझ्याकडं बघत राहतात. माझे कान गरम होतात आणि लोकांना वाटतं, सर भलतेच लाजाळू आहेत. मी लाजाळू नाही. ती गाडी करताना मी काय बिघडवलं, ते मला माहीत आहे.

सर म्हणजे मी. आयटीआयत मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. उभी हयात पोरांना एकच गोष्ट सांगत आलो, की काम करायचं तर नियमानं करायचं, तारेनं बांधून आणि पट्टी ठोकून नाही. जुगाड हा शब्द कुणी कौतुकानं उच्चारला तरी माझ्या कपाळाला आठी पडते. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. तेही मला सर म्हणतात, पण त्यांच्या तोंडून तो शब्द आला की चिमटा काढल्यासारखा लागतो.

अँबॅसिडर त्यांची. वीसेक वर्षं त्यांनी ती टॅक्सी म्हणून चालवली. जळकोट ते सोलापूर, जळकोट ते तुळजापूर, लग्नाची वरात, दवाखान्याचा पेशंट, जे येईल ते. मी सोलापूरला डिप्लोमाला होतो तेव्हा आण्णा मळणी यंत्रावरून पडले आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा जुळला, पण वाकायचा कायमचा थांबला. मी परीक्षा संपवून घरी आलो तेव्हा ते पुन्हा टॅक्सीवर जायला लागले होते. पाय ताठ, तरी गाडी चालतेय. कशी चालतेय, हे मी विचारलं नाही. त्या वयात बापाचं सगळं आपोआप होतं असं वाटतं.

पुढं टॅक्सी बंद झाली, पण गाडी राहिली. आण्णा रोज तिच्यातून चार किलोमीटरवरच्या शेताला जायचे. मग पाच वर्षांपूर्वी इंजिन जाम झालं आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये बसली. तिच्याबरोबर आण्णाही बसले. दुसरी कुठली गाडी त्यांना चालवता येत नव्हती. कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसले तर ताठ पाय बाजूला निघायचा आणि समोरून येणारा बिचकायचा. शेताला जायचं म्हटलं की सकाळपासून कोण तिकडं जातंय याची वाट बघत ओट्यावर थांबायचं. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याला गाडीतून नेलं, तो आता दुसऱ्याच्या सोयीनं हलत होता.

एकदा जेवताना ते म्हणाले, "सर, गाडीचं बगा की जरा. येळवशीला एकदा म्या गाडी शेताला नेली, की झालं. फुडचं फुडं."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात, कारण सगळी माणसं शेतात असतात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य दाखवायचा आणि बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारून जेवायला बसवायचं. आमच्या घरचा शिरस्ता असा, की आण्णा गाडी चालवणार, पुढच्या सलग सीटवर त्यांच्या शेजारी आंबिलीचं मडकं आणि मडक्याला धरून आई. मी म्हणालो, "पुढच्या येळवशीला तुम्हीच न्यायची गाडी." हा शब्द मी दिला होता.

कामाला लागलो. सुट्टीच्या दिवशी आणि आयटीआयतून आल्यावर उजेड असेपर्यंत. विद्यार्थ्यांना घरच्या कामाला लावायचं नाही हा माझा नियम, त्यामुळं सगळं एकट्यानं. सीटा काढल्या, फ्लोअरचा कुजलेला पत्रा कापला, नवा जोडला. दरवाजे उतरवले, ठोकून सरळ केले, पुट्टी भरली, पाणी मारून घासलं. खरं सांगतो, इतका आनंद मला कधी झाला नव्हता. शिकवताना आपण नेहमी दुसऱ्याचे हात बघतो. इथं हात माझे होते आणि चुका काढणाराही मीच होतो.

आनंदात माणूस वाहवत जातो. सोलापूरला एका भंगारवाल्याकडं नंतरच्या मॉडेलची एक ठोकलेली अँबॅसिडर मिळाली. तिचं पुढचं तोंड चेपलं होतं, पण इंजिन ठणठणीत होतं. अठराशे सीसीचं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स, स्टेअरिंगऐवजी खाली फ्लोअरवर असलेला गिअर, पॉवर स्टेअरिंग, वेगवेगळ्या दोन सीटा, आणि त्या सगळ्यासोबत ब्रेक-क्लचचा आख्खा सेट. मी तिच्यावर भाळलो. दुरुस्ती करायला निघालो होतो, सुधारणा करायला लागलो. इंजिन बदलल्याची कागदपत्रंसुद्धा रीतसर केली. नियमाचा माणूस ना मी.

एका रविवारी मी डॅशबोर्डखाली उताणा पडून जुन्या क्लचची पाइपलाइन सोडवत होतो. आण्णा काठी टेकत आले आणि दाराशी थांबले. आत वाकून बघत म्हणाले, "बाकीचं काय करायचं ते कर. तेवढं पायडल राहू दे बरं का."

ते पायडल म्हणजे माझ्या डोळ्यांतलं कुसळ होतं. मूळच्या पायडलला जुन्या कमानपाट्याचा पोलादी तुकडा वेल्डिंग करून तो डावीकडं आणि खाली असा वेडावाकडा आणलेला, त्याच्या टोकाला हातभर रुंद वाटावं असं फताडं पान, पानावर टायरचं रबर खिळ्यांनी ठोकलेलं. मी गाडी शिकलो ती याच पायडलवर. माझा पाय त्याच्यावर नीट कधी बसलाच नाही. भर फाट्यावर गाडी बंद पाडायचो आणि हॉटेलातली माणसं हसायची. तो राग इतकी वर्षं मुरला होता.

त्याच वेळी पाइपातलं ऑइल माझ्या डोळ्यात ठिबकलं. मी ओरडलो, "आण्णा, मी हे पोरांना शिकवतो! असलं काही कुणी करून आणलं तर नापास करतो मी त्याला! तुम्ही तिकडं बसा बरं."

ते गेले. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतर काम संपेपर्यंत ते शेडकडं फिरकले नाहीत, आणि लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हा बरं वाटलं. मागं कुणी उभं राहत नाही, काम सुधरतंय, असं बायकोला बोललोसुद्धा.

पुढं भंगारवाल्याचा टेम्पो आला. जुनं इंजिन, गिअरबॉक्स, कुजलेला पत्रा असा ढीग फाटकाजवळ केला होता. मी आतून दोरी घेऊन येत होतो. बघतो तर आण्णा त्या ढिगापाशी वाकलेले. त्यांनी ते पायडल उचललं, उलटंसुलटं केलं, रबरावरची माती अंगठ्यानं पुसली आणि परत ठेवलं. ठेवलं, टाकलं नाही. मी हे पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना भंगाराचासुद्धा मोह सुटत नाही, असं मनात म्हणून मी टेम्पो भरून दिला.

येळवशीच्या सकाळी गाडी अंगणात उभी होती. शाळेच्या नव्या फळ्यासारखी गुळगुळीत. झेंडूचा हार घातलेला. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, सासरची माणसं घेऊन आली होती, गल्लीतले अर्धे लोक जमले होते. आण्णांनी धुतलेला पायजमा आणि नवी टोपी घातली होती. दाढी करून आले होते. मी दार उघडून धरलं आणि म्हणालो, "घ्या, मालक."

ते नेहमीसारखे आधी पाठमोरे बसले, मग डावा पाय गुडघ्यापाशी दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. पण पाय आत जाईना. नवी सीट पुढं होती. त्यांनी कंबर सरकवून, तिरकं होऊन तो कसाबसा घातला. मग त्यांचा पाय पायडल शोधायला लागला. खाली आणि डावीकडं, जिथं ते पंचवीस वर्षं होतं तिथं. तिथं आता नवं कोरं मॅट होतं. पायडल वर, मधोमध, गुडघा वाकणाऱ्या माणसासाठी टांगलेलं होतं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. पायडल वाकडं नव्हतं. ते त्यांच्या पायाच्या मापाचं होतं. वाकत नाही असा पाय कमरेतून रेटला की टाच त्या फताड्या पानावर पडावी, म्हणून कुणीतरी ते तसं केलं होतं. त्यांनी मला ते राहू दे म्हणून सांगितलंही होतं.

त्यांनी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा चपलेचं टोक कसंतरी टेकलं, गाडी सुरू झाली, गिअर पडला, आणि पाय निसटला. गाडी एक उडी मारून बंद पडली. हाराची फुलं बॉनेटवर सांडली. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "आण्णा इसरले की वो!"

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते फक्त माझं तोंड वाचत होते, आणि त्यावर काय लिहिलं होतं ते त्यांना दिसलं असणार. मग ते लोकांकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "आता कुठं इसरतो म्या. वय झालं. ह्या नव्या गाड्या पोरांनीच चालवाव्यात. सर, चल, बस तू."

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. अंगणभर माणसं होती, एक वाक्य पुरलं असतं. त्यांचं वय झालं नाही, मी त्यांचं पायडल भंगारात घातलं. मी ते बोललो नाही. मी चावी घेतली आणि बसलो. सीट मागंपुढं करावी लागली नाही, ती माझ्याच मापाला लावलेली होती. पुढं दोन सीटांच्या मध्ये आता गिअर होता, म्हणून आई आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन मागं बसली.

शेतात दिवसभर माणसं येत-जात होती. जेवायला बसणारा प्रत्येक जण आधी गाडीचं कौतुक करायचा, मग विचारायचा, "आण्णा, चालवायचं सोडलं व्हय?" आणि आण्णा त्याच्या पानात भज्जी वाढत म्हणायचे, "व्हय, वय झालं." मी पाणी देत होतो. किती जणांना त्यांनी ते सांगितलं, मोजलं नाही. प्रत्येक वेळी माझी मान खाली जायची आणि प्रत्येक वेळी मी गप्प बसायचो.

त्यानंतर आण्णांनी शेताचं नावच सोडलं. मी चला म्हणालो तर म्हणायचे, तुझं काम असंल. रविवारी बळंच नेलं तर शेजारच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसायचे, पाव्हण्यासारखे. कुणी मोटारसायकल थांबवून विचारलं तरी जायचे नाहीत. ओट्यावर वाट बघणंसुद्धा संपलं.

शेवटी मी आईला विचारलं, ते पायडल कुणी केलं होतं? आई शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. "रस्त्यावरच्या लोहारानं. दोन दिस यांना गाडीत बसवून करत व्हता. एकदा करायचा, यांना दाबाय लावायचा, परत काढून वाकवायचा. तू सोलापूरला व्हतास." मग म्हणाली, "त्यांनी सांगितलं व्हतं की रं तुला."

एवढंच. पण ते माझ्या अंगावर जितकं आलं, तितकं आयुष्यात कुणाचं रागावणंही आलं नसेल.

लोहार अजून आहेत. थकलेत, ऐरण सुटली, रस्त्याकडंच्या वेल्डिंगच्या दुकानात बसून असतात. मी त्यांच्याकडं गेलो तो नेहमीसारखा तयारीनं. आण्णा झोपलेले असताना पायाची लांबी घेतली होती, गाडीच्या आतली सगळी मापं घेतली होती, कागदावर तीन बाजूंनी चित्र काढलं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा नाही म्हणून लांब धरून पाहिला आणि परत दिला.

"चित्र झ्याक हाय, सर. पर ह्याच्यात माणूस कुठाय? माणूस बसवा गाडीत, मग म्या येतो."

माणूस बसायला तयार नव्हता. आता कशाला, चांगल्या गाडीला भोकं पाडू नको, हे दोन आठवडे चाललं. शेवटी आईनं काय सांगितलं कुणास ठाऊक, एका सकाळी आण्णा आपणहून शेडमध्ये आले. मी लोहारांना मोटारसायकलवर घेऊन आलो. ते दारापाशी जमिनीवर बसले, आण्णांची टाच आपल्या तळहातावर घेतली आणि म्हणाले, "रेट." आण्णांनी रेटलं. "आता सोड." असं दहा-बारा वेळा. कुठं खडूनं खूण, कुठं बोटानं. मग मला सांगायचे, इथं काप, इथं जोड, एवढं नको, जरा खाली. सीटची पट्टी कापून सीट मागं घेतली. ज्या कामाला मी नापास केलं असतं, ते काम मी त्यांच्या हाताखाली दोन दिवस शिकत होतो. त्या दोन दिवसांत दोघं म्हातारे जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगून हसत होते. माझ्याबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

पायडल बसलं. आण्णांनी टाच टेकवली, कंबर रेटली, क्लच लोण्यासारखा खाली गेला. मला वाटलं, सुटलो. सगळं परत जागेवर आलं, आता माफी मागायचीसुद्धा गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच शेताला निघालो. आण्णा चालवत होते. गल्ली नीट काढली, हायवे नीट ओलांडला, शेताच्या वाटेला लागले. मी खिडकीबाहेर बघत होतो, म्हणजे त्यांच्या पायाकडं बघतोय असं दिसू नये. ओढ्याच्या अलीकडं समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. असल्या वाटेवर आण्णा पूर्वी गाडी अशी कडेला घ्यायचे, की आरसा आणि ऊस यांच्यात हात घालता येऊ नये. या वेळी त्यांनी गाडी मधोमध थांबवली. इंजिन चालू, क्लच दाबलेला. पाय पक्का होता. हात मात्र स्टेअरिंगवर आवळलेले होते आणि ते पुढं जाईनात, मागंही येईनात. ट्रॅक्टरवाल्यानं हात करून कडेला घ्या म्हणून खुणावलं.

मी म्हणालो, "आण्णा, डावीकडं भरपूर जागा आहे. पाय बसलाय की नीट."

"पायाचं न्हाय रं," ते म्हणाले. "पाय झ्याक बसलाय. मलाच भ्या वाटालंय."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. येळवशीपासून त्यांनी माझ्यासाठी गावभर सांगितलं, वय झालं, वय झालं. रोज सांगता सांगता ते त्यांनाही पटलं होतं. त्यांच्या अंगातलं बळ मळणी यंत्रानं नेलं नव्हतं. ते मी नेलं होतं, आणि ते कुठल्या भंगाराच्या दुकानात शोधायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

माझ्या तोंडून एकदम निघालं, "आण्णा, चूक माझी होती. तुम्ही सांगत होता. मी ऐकलं नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी समोर बघत गाडी बंद केली, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ट्रॅक्टर थांबलाय, सर. आधी गाडी बाजूला घे."

ते उतरले, मी फिरून त्यांच्या जागी आलो. सीट मागं गेलेली, माझा पाय पायडलपर्यंत पोचेना. सीटच्या कडेला बसून, वाकून, कसाबसा क्लच दाबला आणि गाडी बाजूला घेतली. ट्रॅक्टरवाला हात करून निघून गेला. आण्णा पलीकडून येऊन बसले आणि उसाच्या उताऱ्याबद्दल बोलायला लागले. मी जे बोललो होतो ते पुन्हा काढायचा मला धीर झाला नाही. ते ड्रायव्हरच्या सीटवर परत बसले नाहीत. सीट मी पुढं घेतलेली नाही. अजून तसाच कडेला बसून गाडी चालवतो.